चुन्याचा पट्टा

विरारहून पांढरा तेलरंग आणायचा भूपेश विसरला, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. भूपेशला विचाराल तर तो म्हणेल, मी विसरलो नाही, दुकान बंद होतं. पण हे सांगताना तो तुमच्या तोंडाकडे बघणार नाही, स्वतःच्या चपलेकडे बघेल.

"संक्रातीच्या आधीपासून सांगते तुना," सत्यवती पडवीतून ओरडली. "एक डबा रंग. ल्हानसा. तो आनायला काय हत्ती लागतो?"

"आई, दिवसभर गाळ्यावर उभा असतो मी. वालीवहून सुटलो की ट्रॅफिक. त्यात विरारला कधी जाऊ?"

"काल गेलेलास ना, दोस्ताच्या हळदीला?"

"हळदीला रंग विकायला बसतात का?"

"बोलायला बरा येतो. रंग आनायला नाय येत."

"उद्या आणतो म्हटलं ना!"

"तुजा उद्या मना म्हाईत हाय. तो पाडवा झाल्यावर उजाडनार."

पाडव्याचं नाव निघालं. भूपेश बाइकला किक मारून निघून गेला. सून तेजस्वी आत भाकऱ्या थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला. त्या घरात हल्ली पाडव्याचं नाव कुणी सहज घेत नसे.

कारण असं. महामार्गापासून आत, तानसा नदीच्या अलीकडे त्यांचं गाव. खालच्या अंगाला भातशेती आणि तिच्या पलीकडे खाडी. वरच्या अंगाला टेप. टेप म्हणजे टेकडीच, पण लहान, म्हातारं माणूसही मध्ये एकदा दम खाऊन वर जाईल एवढी. सगळ्यांची वरकस जमीन या टेपावर. पूर्वी तिथं नाचणी व्हायची. सत्यवतीच्या नवऱ्याने, हरेश्वरने, नाचणी सोडून आपल्या तुकड्यात साग आणि शिवण लावली, तेव्हा गाव त्याला हसलं होतं. लोक भात पेरतात, हरेश्वर लाकूड पेरतोय, म्हणायचे. हरेश्वर उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी वाहायचा आणि हसणाऱ्यांबरोबर स्वतःही हसायचा. झाडं मोठी झाली. हरेश्वर मात्र तीन पावसाळ्यांपूर्वी शेतातून ताप घेऊन आला तो परत शेतात गेला नाही.

आता महामार्गाकडून गोडाऊनं सरकत सरकत टेपाच्या पायथ्याशी आली होती. जमीन घेणाऱ्या पार्टीचा माणूस भूपेशच्या गाळ्यावर दोनदा येऊन गेला होता. शेजारच्यांनी दिली, तुम्हीच मध्ये अडकलात, म्हणाला. सातबाऱ्यावर मायलेकरांची दोन्ही नावं. भूपेश काही वाईट मुलगा नाही, आणि त्याचंही खोटं नव्हतं. झाडं नुसती उभी राहून घर कसं चालणार? मायलेकांची त्यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी तेजस्वीनेच तोडगा काढला. पाडव्यापर्यंत आईंचं ऐकायचं. तोवर झाडांना दाखला मिळाला तर झाडं राहतील. नाही मिळाला तर आईंनी सही करायची, तोंड वाकडं न करता. सत्यवतीने देवापुढे हात ठेवून शब्द दिला होता.

दाखल्याची गोष्ट नेल्सनने आणली. नेल्सन मूळचा वटारचा. घरची वाडी सोडून त्याने वालीवला गाळा घेतला होता आणि तिथं तो लाकडी खेळणी, चमचे, पोळपाट असलं बनवायचा. माल परदेशी जायचा. तिकडची गिऱ्हाइकं भलती चौकस. लाकूड कुठल्या झाडाचं, ते झाड कुठं उभं होतं, जंगल ओरबाडून आणलं की राखून आणलं, हे सगळं त्यांना कागदावर पाहिजे. राखून आणल्याचा दाखला असेल तर नेल्सन दरवर्षी थोडी थोडी शिवण घेणार, आणि एक तोडली की दोन लावायच्या. म्हणजे टेप टेपाच्या जागी राहणार आणि घरालाही काहीतरी लागणार.

"काकी, तुमचं जंगल बघितलं ना की मला पप्पांची वाडी आठवते," असं नेल्सन पहिल्याच दिवशी म्हणाला होता. सत्यवतीला तो तेव्हाच आवडला. आपल्या त्या चार झाडांना जंगल म्हणणारा तो पहिलाच माणूस.

पौषात दाखला देणाऱ्या संस्थेची निधी नावाची मुलगी तपासायला आली. पुण्याची. पायात बूट, गळ्यात दुर्बीण. झाडं बघितली, नाल्याचा काठ बघितला, काठाची झाडं तोडायची नाहीत म्हणाली. इथं आग लावायची नाही, रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजायचा नाही म्हणाली. तोडायच्या झाडांवर नेल्सनच्या माणसाने तांबडे आकडे घातले. सगळं झाल्यावर निधी मान वर करून उभी राहिली. समोर सावर होती. सरळ, उंच, अंगावर काटे, आणि शेंड्याला घारीचं घरटं.

"आजी, एक झाड असं ठेवावं लागतं, ज्याला कधीच हात लावायचा नाही," निधी म्हणाली. "पक्ष्यांसाठी. ही सावर ठेवू या?"

सत्यवतीला हसू आलं. "ठेव की. तिची धड फळीपन होत नाय. कामाचा नाय त्याला राखायचा, हा बरा नियम हाय तुमचा."

"बुंध्याला छातीएवढ्या उंचीवर पांढरा पट्टा मारा. गोल. म्हणजे लांबून कळेल की हे झाड राखलेलं आहे. आणि मला फोटो पाठवा."

"मारते, बाय."

असा तो पांढरा रंग. भूपेश आणीना, निधीचा दोनदा फोन येऊन गेला. शेवटी त्या सकाळी, बाइकचा आवाज लांब गेल्यावर, सत्यवतीने दिवाळीला भिंतींना लावून उरलेला चुना कालवला, काथ्याचा कुंचा घेतला आणि टेपावर गेली. काट्यांनी हात ओरबाडले, पण पट्टा झकास ओढला. तेजस्वीने फोटो काढून पाठवला. निधीचं उत्तर आलं, अंगठा वर केलेलं. सत्यवती दिवसभर खुशीत होती.

तेलरंग असता तर काही झालं नसतं. चुना होता, तिथंच घात झाला.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगायला हवं. या गावात होळीचं झाड कुणी मागत नाही आणि कुणी सांगून देतही नाही. तीन घरांची पाळी असते. ज्याची पाळी, त्या घरचा पुरुष माघी पौर्णिमेच्या आधी कधीतरी एकटाच टेपावर जातो आणि आपल्या जागेतल्या सावरीला चुन्याचा पट्टा ओढून येतो. घरातसुद्धा बोलत नाही. पौर्णिमेला गावची माणसं टेपावर शोधत फिरतात. पट्टा दिसला की तिथं नारळ फोडतात, दोरा बांधतात, आणि तिथून पुढे ते झाड होळीचं. एखाद्याला द्यायचं नसेल तर तो पट्टा ओढत नाही, पाळी पुढच्या घरावर जाते. त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. बोललं की मान गेला, अशी समजूत.

सत्यवतीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते पुरुषांचं काम. हरेश्वर कधी पट्टा ओढून आला ते तिला त्याच्या हातांवरून कळायचं. मनगटापर्यंत पांढरे हात घेऊन तो मोरीपाशी उभा राहायचा, आणि ती काही न विचारता तांब्याने त्याच्या हातावर पाणी घालायची. तो गेला, आणि तिच्या हिशेबी घरातली होळीही त्याच्याबरोबर गेली. पाळी यंदा आपली आहे हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

माघी पौर्णिमेला दुपारी ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. टेपावरून ढोल वाजला. वाजला तर वाजला. मग ढोल खाली उतरला, आणि गल्लीतून तिच्याच दाराकडे यायला लागला. पुढे काशीराम, हरेश्वरचा चुलतभाऊ. होळीचं सगळं तोच बघायचा. आवाजाने मोठा, अंगाने किरकोळ, कुठंही पहिला पोचणारा. मागे दहाबारा बाप्ये.

काशीरामच्या हातात नारळाचं अर्धं भकल होतं. अंगणात येऊन तो थांबला आणि त्याला बोलताच येईना. काशीरामला बोलता येत नाही हे गावाने पहिल्यांदा पाहिलं.

"वैनी," तो शेवटी म्हणाला. "मना वाटलेला, दादूस गेला तसा या घरचा मानपन गेला. आज टेपावर गेलो, पट्टा बघितला, आनि माज्या डोल्यांत पानी आला. बाईमानूस असून तू एकटी वर गेलीस. कुनाला बोलली नायस. रीत राखलीस तू."

सत्यवतीच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "भावजी, तो पट्टा..."

"बोलू नको!" काशीराम घाईने म्हणाला. "बोलायचा नसतो. दादूस कदी बोलला?"

त्याने भकल तिच्या पदरात घातलं आणि वाकून नमस्कार केला. मागचे बाप्येही वाकले. "यंदा हलद तूच लावायची झाडाला. मी कुनाला लावून देनार नाय."

खरं सांगायचं तर सत्यवतीला त्या वेळी दाखला आठवलाच नाही. तिला आनंद झाला. तीन वर्षं तिला कुणी कशाला पुढे बोलावलं नव्हतं. लग्नात मागच्या खुर्चीवर, ओटी भरायच्या वेळी भिंतीशी. आणि आज हे सगळे तिच्या अंगणात वाकून उभे. तिचं तोंड आपोआप हसरं झालं. ढोल गल्लीच्या वळणावर गेला तेव्हा कुठे तिला दाखला आठवला, आणि मग त्या हसण्याची तिची तिलाच लाज वाटली.

संध्याकाळी भूपेशने ऐकलं आणि तो आधी पोट धरून हसला. "म्हणजे आई, तू स्वतःच स्वतःला चुना लावलास!"

"हसा," तेजस्वी म्हणाली. "रंग कुणी आणला नाही?"

भूपेशचं हसू थांबलं.

"तू बोल ना काकाशी," सत्यवती त्याला म्हणाली. "सांग, पट्टा होलीचा नाय, दाखल्याचा हाय."

"मी? मी काय तोंडाने सांगू? आख्ख्या गावाला माहीत आहे, भूपेश टेप विकायला बसलाय. आणि मीच जाऊन म्हणू, एक झाड तोडू नका?"

हे बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली आणि काथ्या घेऊन टेपावर गेली. पट्टा धुवायचा, मग बघू. पण सावरीला आता दोरा गुंडाळला होता, पट्ट्यावर कुंकवाची बोटं उठली होती, मुळाशी नारळाची करवंट आणि मूठभर तांदूळ. वर घार बसली होती. सत्यवतीने काथ्या भिजवला, हात बुंध्यापर्यंत नेला आणि खाली घेतला. दोनदा नेला, दोनदा घेतला. मग बादलीतलं पाणी शेजारच्या शिवणीच्या रोपाला घालून घरी आली.

तेजस्वीने नेल्सनला फोन लावून दिला. नेल्सनने सगळं ऐकून घेतलं, निधीला विचारतो म्हणाला, आणि दुपारी त्याचा परत फोन आला.

"काकी, प्रॉब्लेम असा झालाय की फोटो वरच्या ऑफिसात गेला. जागेसकट. आता झाड बदलायचं तर कारण लिहून द्यावं लागणार."

"लिव ना मंग. होली म्हनून लिव."

"ते विचारणार, होळीला दरवर्षी झाड तोडतात का? मग सगळ्या टेपाचीच चौकशी लागेल. तुमचं आणखी अडकेल. काकी, तुम्ही गाववाल्यांनाच समजवा ना. होळीला दुसरं कुठलं तरी झाड घ्या म्हणावं."

"तू नाताळात गोठ्यातला बाल येशू काडून दुसरा कुनाचा पोर ठेवशील का रे?"

नेल्सन हसला. "नाही ठेवणार, काकी," म्हणाला.

तरी ती काशीरामकडे गेली. तो शेतात वाल उपटत होता. तिला बघून उठला, स्वतः बसला होता ते पोतं झटकून तिला बसायला दिलं. हल्ली तो तिला फार मान द्यायला लागला होता, आणि तीच पंचाईत होती.

"भावजी, बोलायचा नाय तरी बोलते. सावरीबदली साग घ्या माजा. सरल हाय. सगल्यात मोठा घ्या. दोन घ्या."

"साग?" काशीरामला वाटलं ती थट्टा करतेय. "सागाची होली कोन पेटवतो, वैनी? होली सावरीची. आनि नारल फुटला."

"सावर गेली तर दाखला जाईल माजा. दाखला गेला तर टेप जाईल."

"टेप कुटं जातोय? जाग्यावर हाय तो."

"भूपेश गोडाऊनवाल्याला देतोय. पाडव्याला सही हाय माजी."

काशीराम हातातल्या वेलाच्या शेंगा तोडत राहिला. त्याचा स्वतःचा टेपावरचा तुकडा गेल्या साली गेला होता. तिथं आता पत्र्याची भिंत होती आणि भिंतीवर कुत्र्याचं चित्र.

"माजा गेला तवा कोन आलेला मना विचारायला?" तो हळूच म्हणाला. मग त्यालाच ते बोलणं बरं वाटलं नसावं. वेल खाली टाकून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आइक वैनी. मी तुजा वैरी नाय. पन नारल फुटलेला झाड उभा ऱ्हायला, आनि उद्या कुनाचा पोर बाइकवरून पडला, खाडीचा पानी शेतात आला, कुनाची म्हस मेली, तर बोट तुज्या दाराकडं दाखवतील. एकटी बाई तू. मी तोंडा धरीन लोकांची. पन किती जनांची धरू?"

काशीराम सत्यवतीला भीती घालत नव्हता. तो खरंच तिच्यासाठी घाबरला होता, हे तिला दिसत होतं. कुणी दांडगाई केली असती तर तिने भांडून गाव डोक्यावर घेतलं असतं. इथं जो तो तिच्या भल्याचंच बोलत होता, आणि त्यातून वाट काही निघत नव्हती.

होळीच्या दिवशी सावरीवर पान नव्हतं, नुसती तांबडी फुलं. इतकी फुलं हरेश्वरच्या वेळीही आली नव्हती. दुपारी सगळं गाव टेपावर. पोरं फुलं वेचत होती. काशीरामने हळदीची वाटी सत्यवतीच्या हातात दिली. बायकांमध्ये थोडी कुजबुज झाली, तसा काशीराम वळून म्हणाला, "कुनाला काय बोलायचा आसंल तर मोठ्यानं बोला."

सत्यवतीने हळद लावली. चुन्याच्या पट्ट्याच्या वर एक बोट, खाली एक बोट. काटा रुतला तो तिने काढला नाही. "तुना राखायचा म्हनून पट्टा ओडला ग," असं ती मनात म्हणाली, आणि मागे सरकली.

पहिला घाव घरच्याचा. भूपेशने कुऱ्हाड घेतली. उचलली आणि आईकडे बघितलं. त्या क्षणी त्याच्या तोंडावर पार्टी नव्हती, गोडाऊन नव्हतं, लहानपणी दूध सांडल्यावर व्हायचं तसं तोंड झालं होतं. सत्यवतीने मान खाली घातली. मागून ढोल वाजायला लागला होता, लोक ओरडत होते, आता थांबणार तरी कोण? घाव बसला. घार उडाली आणि झाड आडवं होईपर्यंत वर ओरडत फिरत राहिली. घरट्यात काय होतं ते कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं तरी सांगितलं नाही.

झाड खांद्यांवर घेऊन लोक खाली उतरले. काशीरामने सत्यवतीला सगळ्यांच्या पुढे चालायला लावलं. होळी छान पेटली. सावर सरळ उभी जळली, वाकडी पडली नाही, साल चांगलं जाणार, असं म्हाताऱ्या बायका म्हणाल्या. ज्या बायका दुपारी कुजबुजल्या होत्या त्या सत्यवतीच्या पाया पडल्या.

धुळवड होऊन रंग उतरतात न उतरतात तोच निधीची दाखल्याआधीची मोठी तपासणी आली. नेल्सन आधी पोचला. त्याने तो छातीएवढा खुंट बघितला आणि खालीच बसला. चीर अजून ओली होती. चुन्याचा अर्धा पट्टा झाडाबरोबर गेला होता, साल लोंबत होती तिथं उरलेला अर्धा दिसत होता.

"काकी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "अजून एक रस्ता आहे. चोरी झाली म्हणा. राखलेलं झाड चोरीला गेलं तर मालकाचा दोष धरत नाहीत. फक्त तक्रार द्यायची. नाव नको कुणाचं. अज्ञात इसम. एवढं एकच वाक्य बोला, बाकीचं मी बघतो."

"अज्ञात इसम," सत्यवती म्हणाली.

"हो. बस."

तेवढ्यात निधी वर आली, आणि तिच्या मागोमाग काशीराम. पाहुणी कोण आलीय ते बघायला आला होता. खांद्यावर कोयता, कानात अजून धुळवडीचा गुलाबी रंग. सत्यवतीच्या घरची पाहुणी म्हणजे त्याला आता आपलीच वाटत होती. हसत हसत तो खुंटाच्या बाजूला उभा राहिला.

निधी खुंटाकडे बघत राहिली. मग वर बघितलं, जिथं घरटं होतं तिथं. नुसतं आभाळ होतं.

"आजी, हे कुणी तोडलं?"

नेल्सन सत्यवतीकडे बघत होता. काशीरामही बघत होता, त्याला या प्रश्नात अवघड काय ते कळत नव्हतं. सत्यवतीच्या ओठावर ते वाक्य आलं होतं. फार सोपं वाक्य होतं. तिने तोंड उघडलं, आणि तिला अंगणात वाकलेला काशीराम दिसला, पदरातलं भकल दिसलं, हळदीची वाटी दिसली. होळीला दिलेल्या झाडाला चोरी म्हणायचं तर हे सगळं चोराचं झालं. भूपेश चोर, काशीराम चोर, आणि हळद लावणारी कोण?

"मीच दिला, बाय," ती म्हणाली. "हलद लावून दिला."

नेल्सनने डोळे मिटले.

"पण पट्टा तुम्हीच मारला होता ना?" निधीचा आवाज रडवेला झाला. "पट्टा म्हणजे तोडायचं नाही, असं ठरलं होतं आपलं."

"तुमच्यात तोडायचा नाय. आमच्यात पट्टा ओडला म्हंजे द्यायचा. मना आदी सुचला नाय, आनि सुचला तवा येल गेलेली."

निधीने तरी सगळा टेप फिरून बघितला. तांबड्या आकड्यांचं एकही झाड कमी नव्हतं. नाल्याचा काठ जसाच्या तसा. परत आली तेव्हा तिने सत्यवतीचे हात धरले. "आजी, प्रश्न एका सावरीचा नाही. जे कधीच तोडणार नाही म्हणून तुम्ही सांगितलं, तेच तुटलं. आता बाकीच्यावर विश्वास ठेवा, असं मी वर कसं सांगू? माझ्या हातात नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करा, मी स्वतः येईन."

"ये," सत्यवती म्हणाली. "पुडच्या वर्षी ये. च्या पिऊन जा आता."

निधी फिरत होती तोवर नेल्सनने काशीरामला सगळं सांगितलं होतं. कानाचा गुलाबी रंग पुसत तो म्हणाला, "वैनी, चोरी म्हनाली अस्तीस तरी मी काय बोललो नस्तो ग." पण हे तो निधीची गाडी गेल्यावर म्हणाला.

पाडव्याला भूपेशने गुढी उभारली. जेवण झाल्यावर पार्टीचे कागद आणून पाटावर ठेवले, आणि पेन हातातच धरून बसला.

"आई, तू जर आता नाही म्हणालीस ना..." तो म्हणाला आणि थांबला. ती नाही म्हणेल अशी त्याला आशा होती की भीती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"होलीला दिलेला माघारी घेतला नाय," सत्यवती म्हणाली. "तुना दिलेला कसा घेऊ? पेन दे."

चैत्र सरता सरता पार्टीची माणसं टेपावर आली. यंत्र यायच्या आधी हद्द आखून घ्यायची होती. दोरी लावून, गोणीतली चुन्याची फक्की ओंजळीने सोडत एक जण टेपाभोवती फिरला. सत्यवती खालून बघत होती. तांबड्या आकड्यांच्या शिवणी, हरेश्वरचे साग, नाल्याचा काठ, सगळ्याला मिळून एकच पांढरा पट्टा बसला. बघवेना, म्हणून ती वर गेली.

फक्की टाकणारा सावरीच्या खुंटापाशी थांबला होता. खुंटाला कडेने तांबूस पालवी फुटली होती, चांगली बोटबोट.

"मावशी, हा खुंट हद्दीतच येतो," तो म्हणाला. "जिवंत आहे पण. काढायचा का ठेवायचा?"

"चुना कुटवर ओडलास?"

"पार नाल्याच्या पलीकडं."

"मंग मना कशाला विचारतस? चुना ओडला म्हंजे द्यायचा."

त्याला काही कळलं नाही. तो नुसता हसला आणि कपाळाचा घाम पुसायला हात वर नेला, पण हात मनगटापर्यंत पांढरे होते, म्हणून तसाच थांबला. सत्यवती त्या हातांकडे बघत राहिली. मग ती त्याला खाली घराकडे घेऊन आली, मोरीपाशी उभं केलं, आणि काही न विचारता तांब्याने त्याच्या हातावर पाणी घातलं.